पाय चालू लागले, आवाज मागे राहिला

कंपवात हे नाव मराठीत रुळले आणि त्या नावाने या आजाराची ओळख हाताच्या थरथरीशी कायमची बांधून टाकली. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली जो निबंध लिहिला त्याच्या शीर्षकातही कंपच होता. पण आजार वाढत गेला की रुग्णाचे शब्द कळेनासे होतात, ही नोंदही त्याच निबंधात आहे. पुढच्या दोनशे वर्षांत कंपावर औषध निघाले, मग शस्त्रक्रिया निघाली, मेंदूत तार सोडून छातीतल्या यंत्राने हात स्थिर करण्याइतकी विद्या पुढे गेली. शब्दांची ती नोंद मात्र तळटीपेसारखी मागे राहिली. मेंदूतील खोल उत्तेजनाच्या शस्त्रक्रियेने, म्हणजे डॉक्टर आणि घरची माणसे जिला सरळ ‘डीबीएस’ म्हणतात तिने, आवाजाचे नेमके काय होते, यावर तीन दशकांचा पुरावा आता हाताशी आहे. तो सगळा एकत्र वाचल्यावर माझे मत असे झाले आहे, की आवाजाला या शस्त्रक्रियेचा किरकोळ दुष्परिणाम समजणे चूक आहे. आवाज हा शस्त्रक्रियेच्या निर्णयाचा भाग आहे. तो निर्णयाआधी मोजला गेला पाहिजे, नंतर यंत्र लावतानाही ऐकला गेला पाहिजे, आणि चालणे व बोलणे यांत तडजोड करायची वेळ आली तर ती ज्याच्या डोक्यात तार आहे त्याला विचारून झाली पाहिजे.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. हे शब्द मला आवडतात आणि इथे तेच वापरतो. शुभार्थ्याचा आवाज शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधीपासून बदलू लागलेला असतो. १९७८ साली अमेरिकेत जेरी लोगमन आणि सहकाऱ्यांनी २०० जणांचे बोलणे तपासले, तेव्हा ८९ टक्के लोकांच्या आवाजात बिघाड आढळला आणि ४५ टक्के लोकांच्या उच्चारात. म्हणजे आधी स्वरयंत्र जाते, मग जीभ-ओठ. आवाज बसका होतो, हवा निसटल्यासारखा पोकळ लागतो, चढउतार जाऊन एकसुरी होतो. काहींचे शब्द वाक्याच्या शेवटाकडे घरंगळत एकमेकांवर चढतात, काहींचे पहिल्याच अक्षरावर अडतात. समवयस्क निरोगी माणसाच्या तुलनेत आवाज साधारण २ ते ४ डेसिबलने उतरलेला असतो. आकडा लहान दिसतो, पण डेसिबलचे गणित असे की ३ ने उतरणे म्हणजे ध्वनीची शक्ती निम्मी होणे. याहून कठीण गोष्ट अशी की शुभार्थ्याला स्वतःला हे जाणवत नाही. हालचाल किती मोठी करायची याचे मेंदूतले माप या आजारात आखडते. अक्षर बारीक होते, पाऊल आखूड पडते, तसा आवाजही लहान होतो, आणि तो लहान आवाजच त्याला पुरेसा वाटू लागतो. ‘मी नीटच बोलतोय, तुम्हालाच ऐकू येत नाही’ या वाक्यावरून घरात जे खटके उडतात, त्यात कुणाचाच हट्ट नसतो, तो आजाराचाच एक भाग असतो.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली इथे हा प्रश्न अधिक टोकदार होतो. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिका हद्दीत १८ लाख ४१ हजार आणि कल्याण-डोंबिवलीत १२ लाख ४७ हजार लोक होते, आणि इथले दैनंदिन जगणे मोठ्या आवाजावर चालते. शेअर रिक्षात ‘इथे थांबवा’ हे इंजिनाच्या वर जाईल असे म्हणावे लागते. डोंबिवली स्टेशनच्या पुलावर शेजारच्याला काही सांगायचे तरी घोषणेशी स्पर्धा असते. वॉचमनशी इंटरकॉमवर, बँकेशी फोनवर, बंगळूरला किंवा परदेशी असलेल्या मुलाशी व्हिडिओवर, सगळीकडे माणूस आधी त्याच्या आवाजाने पोचतो. पाय थकलेल्या माणसाला हात देणारे इथे पुष्कळ आहेत. पुटपुटणाऱ्या माणसाचे ऐकून घ्यायला मात्र गर्दीला थांबावे लागते, आणि गर्दी थांबत नाही. मग तो गृहस्थ हळूहळू सोसायटीच्या कट्ट्यावर जायचे सोडतो, फोन पत्नीकडे देतो, आणि शस्त्रक्रियेचा विचार सुरू होईपर्यंत त्याच्या वतीने घरातले इतर बोलत असतात.

या शस्त्रक्रियेच्या जन्मकथेतच आवाज आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला कंपासाठी मेंदूतल्या थॅलॅमसचा बारीक भाग जाळून टाकत. एका बाजूला हे करता येई. दोन्ही बाजूंना केले तर बोलणे फार वेळा बिघडे, म्हणून दुसऱ्या बाजूला हात लावायला शल्यविशारद कचरत. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे आलीम-लुई बेनाबिद आणि पियेर पोलाक यांनी १९८७ साली जे काम प्रसिद्ध केले त्यात एका बाजूला जाळणे आणि दुसऱ्या बाजूला नुसते विजेचे उत्तेजन अशी जोड होती. उत्तेजन बंद करता येते, कमी-जास्त करता येते, हेच त्याचे मोल. पुढे १९९० च्या दशकात याच गटाने थॅलॅमसऐवजी सबथॅलॅमिक न्यूक्लियस ही भिंगाच्या आकाराची, काही मिलिमीटरांची पेशींची गाठ निवडली, आणि मग केवळ कंपच नव्हे तर ताठरपणा आणि मंदपणाही हटू लागला. अमेरिकेत २००२ साली पार्किन्सन्ससाठी या शस्त्रक्रियेला मान्यता मिळाली. मुंबईत पेडर रोडच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीसच हे काम सुरू केले होते. त्यामुळे ठाणे-कल्याणच्या शुभार्थ्यांना ही वाट लोकलच्या टप्प्यात मिळाली. खर्च कित्येक लाखांचा आणि साध्या बॅटरीची पेटी काही वर्षांनी बदलावी लागते, तरी योग्य माणसात ही शस्त्रक्रिया जे देते ते खरोखर मोठे आहे. पुढे जे लिहितो आहे ते तिच्याविरुद्ध नाही.

ग्रेनोबलच्याच मिशेल जाँतील यांच्या गटाने सुरुवातीच्या वर्षांत आवाज तपासला तेव्हा निष्कर्ष आशादायक होते. उत्तेजन चालू असताना ओठ आणि जीभ यांचा जोर वाढतो, एका श्वासात ‘आ’ अधिक वेळ धरता येतो, स्वर कमी हलतो. पण त्याच ग्रेनोबलमधून २००३ साली पॉल क्राक आणि सहकाऱ्यांनी ४९ जणांचा पाच वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला, तेव्हा चित्र वेगळे दिसले. औषध न घेता मोजलेली हालचाल पाच वर्षांनंतरही ५४ टक्क्यांनी सुधारलेली होती, आणि त्या सगळ्या हालचालींत न सुधारलेली एकच होती, ती म्हणजे बोलणे. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये एलिना त्रिपोलिती यांनी हा प्रश्न थेट विचारला. लागोपाठ शस्त्रक्रिया झालेल्या ३२ जणांचे बोलणे अनोळखी कानाला किती टक्के कळते, हे त्यांनी आधी आणि वर्षभराने मोजले. २०११ साली आलेल्या या अभ्यासात औषध न घेता बोलण्याची सुगमता सरासरी १४ टक्क्यांनी घसरली होती आणि औषध घेऊन जवळजवळ १७ टक्क्यांनी. सरासरीमागचा पसारा मात्र फार मोठा होता. कुणाचे बोलणे जवळजवळ तसेच राहिले, कुणाचे फारच ढासळले. जाँतील आणि त्रिपोलिती यांच्या निष्कर्षांत मला विरोध दिसत नाही. एकेक स्नायू सुटा तपासला तर तो सुधारलेला असू शकतो आणि तरी वाक्य कळत नाही, कारण बोलणे म्हणजे स्नायूंची बेरीज नव्हे. तबला, पेटी आणि गळा वेगवेगळे सुरात असूनही मैफल जुळत नाही, तसे हे आहे.

हाताला जे औषध ठरते ते वाचेला का ठरत नाही, याचे उत्तर शरीररचनेत आहे. उजवा हात मुख्यतः मेंदूच्या डाव्या बाजूच्या हुकमात असतो, तिथे तार नीट बसली की काम झाले. बोलताना मात्र श्वासपटल, स्वरतंतू, मऊ टाळू, जीभ, जबडा आणि ओठ यांना दोन्ही बाजूंकडून आज्ञा येतात, आणि त्या सेकंदाच्या शतांश भागांत जुळाव्या लागतात. त्यात सबथॅलॅमिक न्यूक्लियसचा शेजार दाटीचा आहे. बाहेरच्या बाजूने चेहरा आणि जिभेकडे जाणारे मज्जातंतूंचे जाडजूड जुडगे उतरते, आतल्या-मागच्या बाजूने लहान मेंदूतून थॅलॅमसकडे जाणारे धागे चढतात. वीज काही भिंत पाहून थांबत नाही. व्होल्टेज वाढवले की तिचे क्षेत्र गाठीबाहेर सांडते आणि या धाग्यांना स्पर्श करते. त्रिपोलिती यांच्या अभ्यासात बोलणे कुणाचे बिघडेल याचे तीन इशारे मिळाले: शस्त्रक्रियेआधीच औषध घेऊनही बोलणे कमी कळत असणे, आजार जुना असणे, आणि डाव्या बाजूच्या तारेचा चालू भाग मध्यरेषेकडे सरकलेला असणे. पहिले दोन इशारे शस्त्रक्रियेआधी घरीच कळण्यासारखे आहेत, तिसरा नंतरच्या स्कॅनमध्ये दिसतो. शिवाय शस्त्रक्रियेनंतर लेव्होडोपा या मुख्य औषधाची मात्रा बरीच कमी केली जाते, आणि शब्द पटापट आठवण्याची क्षमता थोडी मंदावते असेही पुन्हापुन्हा आढळले आहे. घरच्यांना जे एकच ‘बोलणे बिघडले’ म्हणून दिसते, त्याच्या पोटात अशा तीन-चार वेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांचे उपायही वेगळे असतात.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे: आजारच वाढत जातो, शस्त्रक्रिया केली नसती तरी आवाज गेलाच असता, मग दोष यंत्राला का? या आक्षेपात निम्मे सत्य आहे. पाच-दहा वर्षांनी जे ऐकू येते त्यात आजाराचा वाटा मोठा असतोच. पण त्रिपोलिती यांनी केवळ औषधांवर असलेल्या १२ जणांनाही वर्षभर तपासले होते, आणि त्यांची घसरण ४ टक्क्यांच्या आसपास होती. एका वर्षात १४ आणि ४ यांतले अंतर आजाराच्या खात्यावर टाकता येत नाही. दुसरा पुरावा त्याहून साधा आहे. व्होल्टेज वाढवले की काही मिनिटांत बोलणे जड होते, उतरवले की मोकळे होते, हे यंत्र जुळवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असते. आजार मिनिटांत मागे-पुढे होत नाही. म्हणून प्रामाणिक उत्तर असे, की आवाजाची काही हानी आजाराची असते, काही तारेच्या जागेची आणि काही निव्वळ बटणाची. बटणाची असेल ती परत मिळवता येते. सगळेच आजाराच्या माथी मारले, तर जे परत मिळाले असते तेही गमावून बसतो.

दुसरा आक्षेप शुभार्थ्यांच्या बाजूने येतो, म्हणून तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. रात्री कुशीवर वळता येत नव्हते, घास तोंडापर्यंत जात नव्हता, गोळी उतरली की माणूस खांबासारखा उभ्याउभ्या गोठत होता. ते सगळे सुटले, तर आवाज थोडा गेला म्हणून काय बिघडले? शस्त्रक्रिया झालेले बहुतेक लोक समाधानी असतात, हे खरेच आहे. माझे म्हणणे एवढेच, की ‘थोडा’ हा शब्द कुणी ठरवला ते पाहावे. हालचालींचे गुणांकन करण्याची जगभर वापरली जाणारी पट्टी १३२ गुणांची आहे, त्यात बोलण्याला ४ गुण आहेत. माणसाची वाचा पूर्ण गेली तरी एकूण निकालात तीन टक्क्यांचा फरक पडतो, आणि शस्त्रक्रिया यशस्वीच ठरते. जगण्याच्या गुणवत्तेची प्रश्नावली घेतली तर ३९ प्रश्नांपैकी संवादाचे ३ आहेत. जर्मनीत १५६ जणांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हालचाल, रोजची कामे, मनाची स्थिती, लोकलज्जा आणि शरीरदुखी या पाच बाबतींत २४ ते ३८ टक्के सुधारणा झाली. सुधारणेच्या त्या यादीत संवाद नाही. निवृत्त बँक अधिकाऱ्यासाठी हा व्यवहार फायद्याचा असू शकेल. शिकवणी घेणाऱ्या बाईंसाठी, वकिलासाठी, कीर्तनकारासाठी, १९२६ पासून चालत आलेल्या कल्याण गायन समाजासारख्या संस्थेत ज्याने आयुष्यभर गाणे शिकवले अशा एखाद्यासाठी तो फायद्याचा असेलच असे नाही. पट्टी या सर्वांना सारखीच मोजते. म्हणून पट्टीने निर्णय घेऊ नये, माणसाला विचारावे.

मग तार दुसऱ्या ठिकाणी का घालू नये, असेही सुचवले जाते. ग्लोबस पॅलिडस हे दुसरे ठिकाण आहे आणि २०१० साली आलेल्या २९९ जणांच्या अमेरिकी चाचणीत हालचालीच्या बाबतीत दोन्ही जागा तुल्यबळ ठरल्या. औषध कमी करणे सबथॅलॅमिकमध्ये अधिक साधते. बोलण्यासाठी मात्र दुसरे ठिकाण नि:शंक सुरक्षित आहे असे म्हणण्याइतका पुरावा सरळ नाही, तिथेही काहींचे बोलणे घसरते. त्यामुळे या पर्यायावर फार विसंबण्यात अर्थ नाही.

खरा वाव यंत्र जुळवण्यात आहे. नेहमीचे उत्तेजन सेकंदाला १३० स्पंदनांच्या आसपास असते. ते ६० वर आणले तर काहींचे बोलणे आणि अडणारी चाल सुधारते, पण कंप परत डोके वर काढू शकतो. स्पंदनाचा कालावधी कमी करता येतो, तारेवरचा वेगळा संपर्कबिंदू निवडता येतो, आणि नव्या दिशादर्शक तारांनी वीज एका बाजूला वळवताही येते. दोन वेगळ्या जुळवण्या यंत्रात साठवून ठेवण्याची सोय पुष्कळ यंत्रांत आहे: एक चालण्यासाठी, एक बोलण्यासाठी. डॉक्टरांनी मुभा दिली असेल तर शुभार्थी हातातल्या रिमोटने घरी बसून बदल करू शकतो. ठाण्याच्या गडकरी रंगायतनला नाटक पाहायला जाताना पहिली जुळवणी, तिथून परतल्यावर नातवाशी गप्पा मारताना दुसरी. ही सोय असते हेच अनेक घरांना माहीत नसते. माहीत असेल तर ती मागता येते.

पण बोलण्यासाठी जुळवायचे तर कुणीतरी ते नीट ऐकायला हवे, आणि इथे भाषेचा प्रश्न येतो. दवाखान्यात अक्षरे किंवा महिन्यांची नावे म्हणायला लावतात, ‘आ’ धरायला सांगतात, फार तर उतारा वाचायला देतात. सजगपणे, डॉक्टरांसमोर, छापील मजकूर वाचताना शुभार्थ्याचे बोलणे बहुधा घरच्यापेक्षा चांगले असते. विचार करत उत्तर द्यायचे म्हटले की ते खचते. त्यात मराठीची घडण अशी, की बराचसा अर्थ श्वासाच्या झोतावर तोललेला असतो. ताट आणि थाट, बात आणि भात, गोडा आणि घोडा यांत फरक एवढाच की दुसऱ्या शब्दात हवेचा एक धक्का जास्त. ज्याचा श्वासच उणा पडला आहे त्याचा महाप्राण पहिला सुटेल, आणि ‘थोडा भात’ ऐकणाऱ्याला ‘तोडा बात’ असा पोचेल, असा अंदाज बांधणे अवघड नाही. त्याशिवाय ळ आणि ण यांना जिभेचे टोक वळवून टाळूला लावावे लागते. इंग्रजी शब्दांच्या यादीवर हे काहीच तपासले जात नाही. शस्त्रक्रियेआधी दहा मिनिटांचे साधे मराठी संभाषण ध्वनिमुद्रित करावे, मग तीन महिन्यांनी आणि वर्षाने तेच करावे, आणि ते घरच्यांना नव्हे तर अनोळखी मराठी माणसाला ऐकवून किती कळले ते विचारावे. याला मोबाइलपलीकडे काही लागत नाही. घरचे कान सरावलेले असतात, म्हणून त्यांना वगळायचे.

वाचोपचाराचा पुरावा गेल्या काही वर्षांत बराच पक्का झाला आहे. १९८७ मध्ये अमेरिकेत लोरेन रेमिग यांनी ली सिल्वरमन या महिलेच्या नावाने सुरू केलेली पद्धत एकाच गोष्टीवर भर देते: मोठ्याने बोला. आठवड्यातून चार दिवस, रोज तासभर, चार आठवडे, अशी १६ सत्रे आणि घरी रोजचा सराव. ब्रिटनमध्ये ३८८ जणांवर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या कडक पद्धतीने संवादातल्या अडचणी कमी झाल्या. तिथल्या सरकारी सेवेतला नेहमीचा, कमी सत्रांचा उपचार मात्र काहीच न करण्यापेक्षा सरस ठरला नाही. यातून आपल्यासाठी निघणारा अर्थ कठोर आहे. महिन्यातून एकदा जाऊन शिकलेले व्यायाम पुरत नाहीत, नेट लावून सलग करावे लागते. तार घातल्यानंतर हा उपचार पूर्वीइतका लागू पडतो याची खात्री देता येत नाही, म्हणून तो शस्त्रक्रियेआधी सुरू करणे शहाणपणाचे. ठाण्या-कल्याणहून चार आठवडे, आठवड्यातून चारदा वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत किंवा मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात जाणे, तेही तोल जाणाऱ्या माणसाने, लोकलने, ही अपेक्षाच चूक आहे. हा उपचार कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, कल्याणच्या रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात सलग सत्रांच्या रूपात मिळायला हवा. त्याला शस्त्रक्रियागृह लागत नाही, एक शांत खोली आणि एक प्रशिक्षित माणूस लागतो. २००१ पासून मुंबईत काम करणाऱ्या पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीने गटाने व्यायाम आणि आधार देण्याची घडी बसवली आहे. सरकारी यंत्रणेने तिच्याकडून शिकावे असे पुष्कळ आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत पार्किन्सन्सही आहे आणि वाचा-भाषा दिव्यांगत्वही आहे, तेव्हा मागणीला कायद्याचा आधार आहे.

प्रवास टाळण्यासाठी आता काही यंत्रांची जुळवणी इंटरनेटवरून दूरस्थ करता येऊ लागली आहे, आणि डोंबिवलीहून पेडर रोड गाठणाऱ्या कुटुंबासाठी ती मोठी सुटका ठरेल. फक्त आवाजाच्या बाबतीत तीत एक खोड आहे. फोन आणि लॅपटॉप हळू आवाज आपोआप वाढवतात आणि भोवतालचा गोंगाट गाळतात. त्यामुळे घरात दोन हातांवर न पोचणारा आवाज पडद्यापलीकडच्या डॉक्टरला स्वच्छ ऐकू येतो, आणि जुळवणी ‘उत्तम’ म्हणून नोंदली जाते. अशा भेटीत शुभंकराने स्वयंपाकघरात जाऊन, पंखा चालू आणि कुकर गॅसवर असताना, बाहेरच्या खोलीतून हाक मारायला सांगावे, आणि ती हाक ऐकू आली की नाही, एवढे डॉक्टरांना कळवावे.